विश्लेषण : ‘प्लग-इन हायब्रिड’ गाडी जळगाव-धुळ्यात परवडेल का?

रात्री घरी चार्ज करा, गावात विजेवर फिरा आणि नाशिक-मुंबईला जायचे झाले तर पेट्रोलवर निघा, असे प्लग-इन हायब्रिड गाडीचे आश्वासन आहे. आजवर एक-दोन कोटींच्या गाड्यांपुरते राहिलेले हे तंत्रज्ञान मध्यम किमतीच्या एसयूव्हीत आणण्याच्या हालचाली सुरू आहेत. चार्जर मिळेल का, ही इलेक्ट्रिक गाडीची धास्ती यात नाही. पण कर, वीजदर आणि खान्देशातला उन्हाळा यांचा हिशेब मांडला तर चित्र थोडे वेगळे दिसते.

ही गाडी साध्या हायब्रिडपेक्षा वेगळी कशी?

ग्रँड व्हिटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस या गाड्यांच्या ‘स्ट्राँग हायब्रिड’ प्रकारांत बॅटरी लहान असते. ती इंजिनावर आणि ब्रेक दाबताना वाया जाणाऱ्या ऊर्जेवर भरते, तिला बाहेरून वीज देता येत नाही. प्लग-इन हायब्रिडमध्ये बॅटरी त्याच्या कैक पट मोठी, बहुधा १५ ते २० युनिटची असते आणि तिला चार्जिंगची पिन असते. एकदा भरली की गाडी ५०-६० किलोमीटर पेट्रोलशिवाय चालते. ती संपली की गाडी साध्या हायब्रिडसारखी पळते, फक्त दीड-दोनशे किलोचे जास्तीचे ओझे घेऊन. मोटार, बॅटरी, इंजिन, पेट्रोलची टाकी असे सगळेच एका गाडीत असल्याने ती महागही पडते.

भारतात ती नवी आहे का?

नाही. बीएमडब्ल्यूची आय-८ आणि व्होल्वोची एक्ससी-९० टी-८ दहा वर्षांपूर्वीच आली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली बीएमडब्ल्यू एम-५ ही प्लग-इन हायब्रिडच, तिची किंमत १ कोटी ९९ लाखांपासून सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात चीनच्या बीवायडीने सीलायन-६ ही प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही मांडली, तेव्हापासून सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातील गाडीची चर्चा वाढली. याच कंपनीने २००८ मध्ये जगातली पहिली मोठ्या प्रमाणावर बनवलेली प्लग-इन हायब्रिड चीनच्या बाजारात आणली होती.

किमतीत कराचा वाटा किती?

इथेच निम्मा निर्णय होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. बॅटरीवरील इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के कर कायम राहिला. चार मीटरपेक्षा लांब किंवा मोठ्या इंजिनाच्या हायब्रिडवर ४० टक्के कर लागतो, मग तिला पिन असो वा नसो. महाराष्ट्रात त्यावर वाहन कर. राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना तो माफ आहे. हायब्रिडला पेट्रोल गाडीप्रमाणे भरावा लागतो आणि २० लाखांवरच्या गाडीला तो १३ टक्के आहे.

करापूर्वी २० लाखांची गाडी घ्या. प्लग-इन हायब्रिड असेल तर जीएसटीसह २८ लाख, वाहन करासह साडेएकतीस लाखांच्या पुढे. तेवढ्याच मूळ किमतीची इलेक्ट्रिक गाडी २१ लाखांत एमएच-१९ किंवा एमएच-१८ ची हिरवी पाटी लावून बाहेर पडते. विमा दोन्हींना वेगळा. समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना ऑगस्ट २०२५ पासून टोलमाफी आहे, तीही पांढऱ्या पाटीच्या हायब्रिडला नाही. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये प्लग-इन आणि स्ट्राँग हायब्रिड या दोन्हींचा नोंदणी कर माफ केला होता. त्यामुळे उत्तरेकडच्या एखाद्या व्हिडीओत सांगितलेली ‘ऑन-रोड’ किंमत ऐकून जळगावात बुकिंगची रक्कम भरणे धोक्याचे.

जळगाव-भुसावळ रोज ये-जा करणाऱ्याचा हिशेब काय?

जाऊन-येऊन ५५ किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे १६,५०० किलोमीटर. प्लग-इन हायब्रिडसाठी याहून आदर्श फेरी सापडणार नाही, कारण अख्खा प्रवास विजेवर होतो. एका युनिटमध्ये पाच किलोमीटर आणि युनिटचा दर १२ रुपये धरला, तर वर्षाची वीज ३९,६०० रुपयांची. स्ट्राँग हायब्रिडने लिटरला प्रत्यक्षात २० किलोमीटर दिले आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर तोच खर्च सुमारे ८६,६०० रुपये. वर्षाला ४७ हजारांची बचत दिसते. पण प्लग-इन गाडी पाच लाखांनी महाग असेल, तर ही रक्कम वसूल व्हायला साडेदहा वर्षे लागतील.

त्यातही वीजबिलाची एक मेख आहे. रोज ११ युनिट म्हणजे महिन्याला २७५. घराचा वापर आधीच २०० युनिट असेल तर बिल पावणेपाचशे युनिटवर जाते. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत आणि ३०० युनिटच्या वरचा टप्पा चांगलाच महाग आहे. युनिट १५ रुपयांना पडले तर बचत ३७ हजारांवर येते आणि वसुलीची मुदत तेरा वर्षांच्या पुढे जाते.

छतावर सौर पॅनल असेल तर गणित बदलते. तीन किलोवॉटचा संच दिवसाला साधारण १२ युनिट देतो, म्हणजे ही फेरी जवळपास त्यावरच निघते. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजारांचे अनुदान आहे. खान्देशात उन्हाची कमतरता कधीच नव्हती! मात्र सौर विजेचा हाच फायदा कमी कर लागणारी इलेक्ट्रिक गाडीही घेते.

आणि धुळ्याहून वारंवार नाशिकला जाणाऱ्याचे?

धुळे-नाशिक जाऊन-येऊन सुमारे ३२० किलोमीटर. पहिले ६० किलोमीटर विजेवर, १४४ रुपयांत. उरलेले २६० पेट्रोलवर, लिटरला १६ किलोमीटरने सुमारे १,७०० रुपये. एकूण साधारण १,८५० रुपये. स्ट्राँग हायब्रिडने महामार्गावर १८ किलोमीटर दिले तर तिचा खर्च १,८७० च्या आसपास. म्हणजे लाखो रुपये जादा मोजून फेरीमागे वीसेक रुपये वाचले. नाशिकमध्ये मुक्कामाच्या ठिकाणी चार्जिंग मिळाले तर परतीचे ६० किलोमीटर स्वस्त होतात. पण बऱ्याच प्लग-इन हायब्रिड गाड्या जलद चार्जर घेत नाहीत. महामार्गावरच्या हॉटेलात चहा होईपर्यंत त्या भरत नाहीत, त्यांना चार-सहा तास लागतात.

कंपनी सांगते ते मायलेज खरे का?

जाहिरातीत लिटरला ५०-६० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर तो बॅटरी भरलेली धरून काढलेला असतो. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये नोंदलेल्या गाड्यांची रस्त्यावरची प्रत्यक्ष माहिती तपासून २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यात प्लग-इन हायब्रिडचे कार्बन उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या सुमारे साडेतीन पट निघाले. मोठे कारण साधेच होते. चाचणीत जेवढे गृहीत धरले, तेवढ्या वेळा मालकांनी गाडी चार्जच केली नाही. म्हणून विक्रेत्याला एकच आकडा विचारावा : बॅटरी रिकामी असताना लिटरला किती?

४५ अंशांत बॅटरीचे काय होते?

जळगाव-भुसावळ पट्टा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत तापतो. उष्णतेत लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते, विशेषतः शंभर टक्के भरलेली गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली तर. प्लग-इन हायब्रिडची आणखी एक अडचण आहे. ४०० किलोमीटर चालणारी इलेक्ट्रिक गाडी १६,५०० किलोमीटरसाठी वर्षात चाळीसेक वेळा पूर्ण भरावी लागते. प्लग-इनची लहान बॅटरी त्याच अंतरासाठी जवळपास ३०० वेळा भरते आणि रिकामी होते. त्यामुळे वॉरंटी किती वर्षांची, एवढे विचारून भागत नाही. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर ती बदलून मिळेल, हे कागदावर घ्यायला हवे. भर उन्हात एसीही त्याच बॅटरीवर चालतो, तेव्हा आखाजीला लेकीला आणायला निघालेल्या गाडीचे ६० किलोमीटर ४५-५० वर आले तर नवल नाही.

घरची तयारी काय लागते?

स्वतःच्या अंगणात गाडी उभी राहत असेल तर १६ अँपिअरची पिन पुरते. पण जुन्या घरांत खरी अडचण अर्थिंगची येते. ते नीट नसेल तर गाडीचा चार्जर सुरूच होत नाही. मंजूर भार एक-दोन किलोवॉटचा असेल तर तो महावितरणकडून वाढवून घ्यावा लागतो, कारण तीन किलोवॉटचे चार्जिंग आणि एसी रात्री एकाच वेळी चालणार असतात. सोसायटीच्या सामाईक पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून केबल आणता येत नसेल, तर प्लग-इन हायब्रिड घेण्यात अर्थ उरत नाही. ती न भरता चालवणे म्हणजे जड आणि महाग पेट्रोल गाडी चालवणे.

मग ती कुणासाठी?

घरात एकच गाडी, रोजची फेरी ४०-६० किलोमीटर, स्वतःचे पार्किंग, छतावर सौर पॅनल आणि महिन्यातून एक-दोनदा पुणे-मुंबई किंवा सुरतेपर्यंत न थांबता जाण्याची गरज, असे कुटुंब असेल तर तिचा विचार करता येतो. किमतीतला फरक दीड-दोन लाखांचाच असेल तर आणखी पुष्कळांना ती परवडेल. घरात दुसरी पेट्रोल गाडी असेल तर रोजच्या फेरीला इलेक्ट्रिक गाडी स्वस्त पडते. फिरतीचा व्यवसाय असलेल्या, आज सुरत तर उद्या छत्रपती संभाजीनगर करणाऱ्या व्यापाऱ्याला स्ट्राँग हायब्रिड पुरते.

एक चौकशी बुकिंगपूर्वीच करावी. उच्च दाबाच्या बॅटरीचे काम करणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ जळगाव किंवा धुळ्याच्याच कार्यशाळेत आहे, की बिघाड झाल्यावर गाडी टोचन करून नाशिकला न्यावी लागेल? आणि तो खर्च वॉरंटीत धरला आहे का?