गुलाब बिन, गुलाब कोम

जळगाव ग्रामीण मतदारसंघात २००९ साली गुलाबराव निवडून आले आणि गुलाबराव पडले. २०१४ साली नेमकं उलट झालं, म्हणजे पुन्हा गुलाबरावच पडले आणि गुलाबरावच आले. २०२४ ला तिसऱ्यांदा तीच जोडी. बाहेरच्याला हे कोडं वाटेल; जळगावकराला ‘देवकर’ आणि ‘पाटील’ एवढं म्हटलं की पुरतं. मधल्या २०१९ च्या निवडणुकीत गुलाबराव पाटलांच्या खालोखाल मतं घेणाऱ्या उमेदवाराचं आडनाव होतं अत्तरदे. त्या आडनावाचा उगम काहीही असो, गुलाबाशेजारी अत्तर नेऊन बसवायचं काम मतदारांनी चोख केलं. त्याआधीच्या पिढीला गुलाबराव म्हटलं की अमळनेरचे समाजवादी गुलाबराव पाटील आठवायचे. एका जिल्ह्याला एका नावाचे तीन आमदार.

मग हे नाव दुर्मिळ कसं? अंगणवाडीचा पट उघडा, बारशाच्या पत्रिका चाळा. शुभेच्छांच्या फलकावर आणि दशक्रियेच्या पत्रकावर गुलाब सापडतो, पाळण्यात सापडत नाही.

आणि हे नाव नुसतं रावांचं नव्हतं. खान्देशात साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायकांत गुलाबबाई अजून भेटतात. ओट्यावर बसलेल्या कुणाला ‘गुलाब’ म्हणून हाक मारली तर पंचा सावरत जिभाऊ उठतील की पदर सावरत आजी, हे हाकेवरून सांगता यायचं नाही. लहानपणी एकाचा गुलब्या होई, एकीची गुलबी; मोठेपणी राव किंवा बाई लागे. नाव मात्र तेच.

हा घोळ सरकारी कागदानं फार पूर्वी सोडवला होता. अमळनेर-पारोळ्याकडचा जुना फेरफार काढून पाहा. ‘गुलाब बिन दगा’ असं असेल तर दगाचा मुलगा. ‘गुलाब कोम भिका’ असेल तर भिकाची बायको. पुढे ‘कोम’च्या जागी ‘भ्र.’ आलं, म्हणजे भ्रतार. ‘बिन’ अरबी, ‘कोम’ही मूळ अरबी ‘कौम’, ‘गुलाब’ फारसी, आणि दगा-भिका अस्सल खान्देशी, दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली. चार शब्दांत एवढ्या भाषा नांदत होत्या आणि वारसाची नोंद बिनचूक होत होती. नावानं स्वतः पुरुष किंवा बाई असायची गरजच नव्हती. ते काम शेजारचा शब्द करत होता.

नावाचा अर्थ विचारला तर कुणीही ‘फूल’ म्हणेल. चुकेल. फारसीत फूल म्हणजे गुल, आणि आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे फुलाचं पाणी, आपण ज्याला आज गुलाबपाणी म्हणतो ते. हाच आब पंजाबात आहे आणि आबरूतही. मराठीतही हा जुना अर्थ बरीच वर्षं जागेवर होता. सभा-समारंभ संपताना पानसुपारी आणि अत्तरगुलाब होई. त्यातला गुलाब देठाला नव्हे, गुलाबदाणीत असे आणि अंगावर शिंपडला जाई. पुढे पाण्याचं नाव फुलानं पळवलं, आणि पाण्याला बिचाऱ्याला ‘गुलाबपाणी’ व्हावं लागलं, म्हणजे एका शब्दात पाणी दोनदा. गुलाबजाम तेवढा मूळ अर्थाला इमानी राहिला, कारण पाकात गुलाबपाणी घातल्याशिवाय तो पुरा होत नाही. हाच शब्द अरबीत गेला तेव्हा तिथे ‘ग’ नसल्यानं ‘जुलाब’ झाला. तिथे ते एक गोड, औषधी पेय होतं. हकिमांच्या औषधांबरोबर ते आपल्याकडे परतलं, त्यानंतर मराठीत त्याचं काय झालं ते सांगायला नको. गुलाब आणि जुलाब हे सख्खे भाऊ आहेत, एवढं मात्र खरं. आणि गुलाबराव पाटील २०१९ मध्ये मंत्री झाले ते पाणीपुरवठा खात्याचे. नावात पाणी आहे हे खातेवाटप करणाऱ्यांना ठाऊक असेल असं वाटत नाही.

फारसी शब्द तापीकाठी रुजायला अवधी भरपूर मिळाला. फारुकी घराण्याचा मलिक राजा चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात थाळनेरला बसला. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडेपर्यंत हा मुलूख फारुकींचा होता. मग मोगलांचा सुभा झाला, त्याचं ठाणं बऱ्हाणपूर. मोगल दरबारात ‘गुल’ मुलींचा होता: बाबराच्या तीन मुली गुलरंग, गुलचेहरा आणि गुलबदन. नूरजहानच्या आईनं गुलाबाच्या गरम पाण्यावर आलेला तवंग गोळा करून अत्तर काढलं, याची हकिकत जहांगीरनं स्वतः कौतुकानं लिहून ठेवली आहे. दरबाराबाहेर पडल्यावर हे नाव बायकांपुरतं राहिलं नाही. १८४६ मध्ये जम्मू-काश्मीरचा राजा झालेला गुलाबसिंह, कानपूरच्या नौटंकीची गुलाबबाई, आपल्या तमाशातल्या गुलाबबाई संगमनेरकर, आणि गावोगावचे गुलाबराव.

नाव परक्या भाषेतलं आहे म्हणून कुणाला खटकलं का? शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला तो दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळावेत म्हणून. पण त्यांच्या वडिलांचं नाव शहाजी आणि चुलत्यांचं शरीफजी. ही नावं नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून ठेवलेली, आणि ती कुणी बदलली नाहीत. शब्द बदलणं हे राज्याचं काम. नाव घरचं असतं. नावांच्या व्युत्पत्तीचा कोश करणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले. मराठी शब्द दिसला की त्याखाली संस्कृत मूळ उकरून पाहायची त्यांना दांडगी हौस. पण त्याच धुळ्याच्या गल्ल्यांत दौलत, साहेबराव, फकिरा, हिंमत आणि गुलाब अशी माणसं हिंडत होती, आणि सगळी मराठीच बोलत होती किंवा अहिराणी.

मुलगा आणि मुलगी दोघांना हे नाव का चाललं, याचं माझं उत्तर व्याकरणातलं आहे. मराठीत जाई, जुई, शेवंती या ‘ती’. त्या पुरुषाच्या वाट्याला जात नाहीत. कमळ आणि सुमन ‘ते’, म्हणून कमल आणि सुमन दोन्हीकडे सापडतात. गुलाब ‘तो’. पुरुषाला तो लिंगानं शोभतो, बाईला रूपानं. जाईराव कुणी ऐकला आहे?

या नावाची दोन टोकं एकाच माणसात पाहायची तर खान्देशची हद्द ओलांडून अमरावती जिल्ह्यात जावं लागतं. १८८१ मध्ये जन्मलेल्या गुलाब गोंदुजी मोहोड यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. पुढे ते प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज म्हणून ओळखले गेले. स्वतःला त्यांनी ज्ञानेश्वरांची कन्या मानलं आणि कृष्णाची पत्नी. कुंकू लावलं, मंगळसूत्र घातलं, वेणी घातली. शंभराहून अधिक ग्रंथ रचून १९१५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ते गेले. शिष्यांनी त्यांना महाराज म्हणणं सोडलं नाही आणि त्यांनी कुंकू सोडलं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडात हे चाललं, तेही शेतकरी घरातल्या माणसाचं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत जळगाव-धुळ्याकडे मुली जिची गाणी म्हणतात ती गुलाबाई. मातीची जोडी मांडायची, गुलाबाई आणि गुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर. कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर. टिपऱ्यांच्या तालावर सासर-माहेराची गाणी. आणि शेवटी झाकलेला डबा कानाशी हलवून आतली खिरापत ओळखायची. गुलाबबाई हे नाव यातूनच आलं असं लोक सहज म्हणून जातात. पण हीच देवता विदर्भात भुलाबाई होते, आणि तिचा नवरा भुलोजी. म्हणजे ‘गुला’ आणि ‘बाई’ असा तिचा सांधा आहे. गुलाबबाईतला जास्तीचा ‘ब’ तिच्याकडे नाही. तरी भाद्रपदात जन्मलेल्या एखाद्या मुलीचं नाव गुलाबाईच्या कौतुकात गुलाब ठेवलं गेलंच नसेल असं मी म्हणणार नाही. लोक व्युत्पत्ती पाहून नाव ठेवत नाहीत.

आता हे नाव सुकलं ते दोन्ही बाजूंनी. मुलाला ठेवावं तर ते बायकी वाटतं, मुलीला ठेवावं तर जुनाट. गुलाबी रंग मुलींचा, हे आपल्याला कपड्यांच्या दुकानांनी शिकवलं. फेटा गुलाबी बांधणाऱ्या आजोबांना ते ठाऊक नव्हतं. पण मला मोठं कारण वाटतं ते राव आणि बाई गळाले हे. शाळेच्या दाखल्यावर नुसतं नाव, वडिलांचं नाव, आडनाव राहिलं. शेजारचा शब्द गेला आणि सगळा भार नावावर आला, तर त्याला आपण कोण आहोत ते एकट्यानं सांगणं भाग पडलं. गुलाबाला ते कधी सांगायची सवयच नव्हती. गंमत अशी की ‘मुलगा-मुलगी दोघांनाही चालेल असं नाव सुचवा’ म्हणून आजचे आईबाप रात्री-रात्री मोबाइल चाळतात, आणि सापडतं ते दोन अक्षरांचं, अर्थ कुठल्या भाषेतला ते न सांगता येणारं. शेजारच्या खोलीत आजीचं आधारकार्ड पडलेलं असतं.

परवा एका वाटणीच्या कागदांत एक जीर्ण फेरफार पाहिला. मोडीतून उतरवून घेतलेला, घडीवर फाटलेला. ‘गुलाब’ हे स्पष्ट वाचता येत होतं. पुढची अक्षरं नेमकी घडीत गेलेली. बिन असेल तर जमीन एका भावकीची, कोम असेल तर दुसऱ्या. दोन्हीकडची चार-चार माणसं त्या कागदावर वाकली होती, आणि कुणीतरी भिंग आणायला गेलं होतं.