पडदे नसलेल्या वाद्याचे मागणे

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शास्त्रीय व्हायोलिनवादकांची तालीम, साथीचे मानधन आणि वाद्यदुरुस्ती यांबाबत.

महोदय,

व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नाहीत की पेटीसारख्या पट्ट्या नाहीत. बोट केसभर सरकले तरी सूर ढळतो. गवई गळ्यातून जी मींड घेतो, ती आम्हाला तारेवर बोट घासत आणि गजाचा दाब सांभाळत काढायची असते. म्हणूनच व्हायोलिनवादक पं. गजाननराव जोशी गायक म्हणूनही तितकेच मानले गेले आणि पं. डी. के. दातार यांचे व्हायोलिन गायकी अंगाने बोलले. ही तयारी परीक्षेच्या प्रमाणपत्राने येत नाही. तिला दहा-पंधरा वर्षांची रोजची बैठक लागते. आमच्या साऱ्या मागण्या तयारीच्या याच वर्षांसाठी आहेत.

१. मधल्या वर्षांसाठी शिष्यवृत्ती. केंद्राच्या योजनेत १८ ते २५ वयाच्या कलावंताला दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये मिळतात. वृद्ध कलावंतांसाठी राज्याचे मानधन आहे. यांच्या मधल्या काळात वादक शिकवण्या आणि लग्नसमारंभातल्या कार्यक्रमांवर जगतो आणि रियाज मागे पडतो. राज्याने ३५ वर्षांपर्यंतच्या वादकांसाठी पाच वर्षांची शिष्यवृत्ती सुरू करावी. तिच्यात गुरूच्या मानधनाचाही वाटा असावा. निवड प्रत्यक्ष वादन ऐकून व्हावी, आणि परीक्षकांना वादकाचे नाव कळू नये.

२. साथीचे मानधन. शासकीय महोत्सवांत मुख्य कलाकाराची बिदागी आधी ठरते; साथीदाराला अनेकदा उरलेसुरले मिळते. साथीचा किमान दर लेखी जाहीर करावा, तालमीच्या दिवसांचाही मोबदला द्यावा आणि रक्कम ३० दिवसांत थेट वादकाच्या खात्यात जमा करावी. निमंत्रणपत्रिकेवर साथीदाराचे नाव असावे, ही मागणी बिनखर्चाची आहे.

३. ध्वनिमुद्रणाचा करार. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्या कलावंताचा स्वामित्वधनावरील हक्क मान्य झाला. शासकीय निधीतून होणाऱ्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात तो करारात उतरावा. आमच्या वादनाचे तुकडे संगणकीय आवाज घडवायला वापरायचे असतील, तर त्यासाठी वेगळी लेखी संमती घ्यावी.

४. मुलांसाठी वाद्यसंग्रह. सात-आठ वर्षांच्या मुलाला मोठे व्हायोलिन पेलत नाही. त्याला पाव, मग अर्धे, मग पाऊण मापाचे आणि शेवटी पूर्ण मापाचे वाद्य लागते. दर दोन-तीन वर्षांनी नवे वाद्य घेणे सामान्य घराला परवडत नाही. ग्रंथालयातून पुस्तक मिळते तसे लहान मापाचे व्हायोलिन जिल्ह्याच्या ठिकाणी अनामत रकमेवर मिळावे.

५. दुरुस्तीचे कसब. पावसाळ्यात सरसाने जोडलेले सांधे उकलतात, खुंट्या फुगतात, घोडी कलते. गावाकडच्या वादकाला जाणकार कारागिरासाठी मुंबई-पुणे गाठावे लागते. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या वाद्ये घडतात. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लाकडाची पारख असलेल्या या हातांना व्हायोलिनदुरुस्तीचे प्रशिक्षण द्यावे. त्यातून त्यांना जोडधंदा मिळेल आणि आमचा प्रवास वाचेल.

आमची व्हायोलिनवादकांची संघटनाही केवळ मागून थांबत नाही. वाद्यसंग्रह सुरू झालेल्या प्रत्येक जिल्ह्यात आमचे सभासद महिन्यातून दोन दिवस विनामूल्य शिकवतील आणि शिष्यवृत्तीच्या चाचण्यांना मानधन न घेता परीक्षक म्हणून बसतील.

यातील दुसरी आणि तिसरी मागणी केवळ एका शासन निर्णयाने पूर्ण होऊ शकते. तेथूनच सुरुवात व्हावी. उरलेल्या तिन्हींसाठी येत्या अर्थसंकल्पापूर्वी आमच्या प्रतिनिधींना चर्चेची वेळ द्यावी, ही विनंती. आज जे मूल पहिल्यांदा गज हातात धरेल, त्याची मैफल ऐकायला आणखी पंधरा वर्षे थांबावे लागणार आहे. निर्णयाला तरी तेवढा वेळ लागू नये.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद