मावशीचं बटण

मंडळी, आधीच एक कबुली देऊन टाकते. वायर या विषयातलं माझं ज्ञान मोबाइलच्या चार्जरपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. मास कॉमला असताना कॅमेऱ्याच्या केबल्स गुंडाळल्या, तेवढाच काय तो अनुभव. त्यामुळे गेल्या एप्रिलमध्ये डेथ व्हॅलीच्या उन्हात, एका मोटारहोमच्या पोटाखाली मी टॉर्च धरून आडवी पडले होते, हे माझ्या आईलासुद्धा अजून खरं वाटत नाही.

झालं असं, की माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, सेकंडहँड मोटारहोम घेतलं. दादा फ्रीमाँटला, आयटीत. मोटारहोम म्हणजे ट्रकच्या चासीवर बांधलेलं वन रूम किचन. बेड, शेगडी, फ्रिज, संडास, टपावर एसी... सगळं आत. कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी असेल तर ठीक. नसेल तर हा एसी चालवायला गाडीच्या बाजूच्या एका कप्प्यात पेट्रोलवर चालणारा चार किलोवॉटचा जनरेटर असतो. तो सुरू करायला दोन बटणं. एक बाहेर, खुद्द जनरेटरवर. दुसरं आत, बेडजवळच्या पॅनेलवर. आतल्या बटणाला म्हणायचं रिमोट स्टार्ट. रिमोट म्हणजे टीव्हीचा नव्हे हं, नुसती लांबवर नेलेली वायर.

मी, दादा आणि मावशी असे तिघे निघालो. वहिनीला सुट्टी नव्हती. मावशी अडुसष्ट वर्षांची. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे गाडीच्या त्या उंच पायऱ्या उतरायच्या म्हणजे कुणाचा तरी हात हवाच.

फर्नेस क्रीकच्या कॅम्पग्राउंडवर पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. हीच ती जागा, जिथे 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश सेल्सिअसची नोंद झाली. जगातलं सर्वाधिक तापमान म्हणून आजही हाच आकडा धरला जातो. आम्ही गेलो तेव्हा बिचारं अडतीसच होतं! आमच्या जागेला विजेची जोडणी नव्हती. मी आणि दादा व्हिजिटर सेंटरपर्यंत चालत निघालो. जाताना दादा म्हणाला, "आई, गरम झालं तर हे बटण दाब. जनरेटर सुरू होईल, मग एसी लाव. सिंपल!"

तासाभराने परत आलो. दार उघडलं आणि आतून भट्टीसारखी झळ आली. मावशी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होती. चेहरा लालबुंद.

"अगं, बटण नाही दाबलंस?"

"पाच-सहा वेळा दाबलं रे. काहीच झालं नाही. म्हटलं, मलाच जमत नसेल."

शेजारी पाच-सहा गाड्या उभ्या होत्या. तिने कुणाला हाक मारली नाही. का? तर उगाच कुणाला त्रास कशाला. फोनची रेंज येऊनजाऊन. पायऱ्या उतरता येईनात. तासभर ती बाई त्या डब्यात बसून राहिली, आणि दोष कुणाला दिला? स्वतःला.

दादाचा चेहरा पडला. तो धावत बाहेर गेला, जनरेटरवरचं बटण दाबलं. पठ्ठ्या पहिल्या झटक्यात सुरू! एसी लागला, मावशीला पाणी, साखर-मीठ दिलं, अर्ध्या तासात ती माणसात आली. तोवर दादाचे तर्क सुरू. "बॅटरी डाउन असेल. नाहीतर पेट्रोल. टाकी पावच्या खाली गेली की जनरेटरला पेट्रोल मिळत नाही." (हे मात्र खरं आहे. जनरेटरची नळी टाकीत मुद्दाम उंच ठेवतात, म्हणजे एसीच्या नादात घरी जायचं पेट्रोल संपत नाही.) "नाहीतर कंट्रोल बोर्ड गेला. काही शे डॉलरला चुना!"

मावशी शांतपणे म्हणाली, "बाहेरून सुरू झाला ना? मग बॅटरी आहे, पेट्रोल आहे, यंत्र ठीक आहे. बोर्ड कशाला बदलतोस?"

आम्ही दोघं बघतच राहिलो. आणि मग मला आठवलं. मावशीने मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेस्ट डेस्कवर आयुष्य काढलंय! फोन बंद पडला की लोक 198 ला तक्रार करायचे, ती पुढे हिच्या टेबलावर यायची. दोष एक्स्चेंजमध्ये, ग्राहकाच्या घरात की मधल्या लाइनीत, हे खुर्चीवरून न उठता शोधायचं, हेच तिचं काम.

"जनरेटर म्हणजे एक्स्चेंज," ती म्हणाली. "बटण म्हणजे ग्राहकाचा फोन. मध्ये लाइन. आता सांग, तो आतून बंद होतो का?"

जनरेटर चालूच होता. दादाने आतलं स्टॉप दाबलं. ढिम्म. पॅनेलवरचा लाल दिवा, जो जनरेटर चालू असताना लागायला हवा, तोही विझलेला.

"मग झालं तर! स्टार्ट, स्टॉप आणि दिवा तिन्ही एकाच दिवशी मरत नाहीत. तिघांचं मिळून जे एक आहे, ते मेलंय."

सॉलिड ना? इंजिनीअर मुलगा गप्प.

गाडीच्या कागदांत जनरेटरचा वायरिंग डायग्राम होता. आतल्या पॅनेलला आलेल्या पाचही वायरी त्यात दाखवल्या होत्या. स्टार्ट, स्टॉप, दिवा, बॅटरीचा प्लस आणि अर्थ. फंडा असा, की आमच्या जनरेटरमध्ये बटण दाबलं की स्टार्टची वायर अर्थला टेकते, तिकडे रिले ओढला जातो आणि स्टार्टर फिरतो. स्टॉपचंही तसंच. दिव्यालाही अर्थ लागतोच. (सगळ्या जनरेटरांची रचना अशीच असते असं नाही आणि वायरींचे रंगही बदलतात. रंगावर विसंबू नका, आपल्या मॉडेलचा डायग्राम बघा.)

बाहेर जाऊन जनरेटर बंद केला. पॅनेलचे स्क्रू काढले. मल्टिमीटर डीसी वीस व्होल्टवर. काळी तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल तार बटणामागच्या स्टार्टच्या वायरीवर. साडेबारा व्होल्ट. म्हणजे स्टार्टची लाइन जनरेटरपासून इथपर्यंत जिवंत! आता लाल तार तिथेच ठेवून काळी तार पॅनेलच्या अर्थवर. शून्य.

"अर्थ तुटलाय," मावशी म्हणाली. पण खात्री केल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा तिचा नियम. एका सुट्या वायरने पॅनेलचा अर्थ बॅटरीच्या निगेटिव्हला जोडला आणि तिने स्वतः बटण दाबलं. जनरेटर गुरगुरला. दिवा लागला. स्टॉप दाबलं, बंद! दोष एका वायरीत सापडला होता, तोही एक पैसा खर्च न करता.

उरलेलं काम अंगमेहनतीचं. जनरेटर थंड होऊ दिला, चाकांना ओंडके लावले, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवली. "आणि गाडीची किल्ली माझ्याकडे," मावशी म्हणाली. "तुम्ही खाली असताना वर कुणी कशाला हात लावायचा नाही." मग मी आणि दादा गाडीखाली. अर्थची वायर चासीला जिथे बोल्टने कसली होती, तिथला लग हिरवा पडला होता. तांब्याचा गंज. हात लावला तर भुगा. दादाने वायर थोडी मागे कापली, चकचकीत तांबं लागेपर्यंत सोलली, नवा लग दाबून बसवला, चासीवरचा रंग आणि गंज सँडपेपरने घासून काढला आणि पान्याने बोल्ट आवळला. वीस मिनिटांचं काम.

वर आल्यावर मावशीने अजून एक काम लावलं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतोय का, ते बघा. कारण बटण आत आलं म्हणजे जनरेटर न बघता सुरू करायची सवय लागते. धुराचा पाइप गवतात, भिंतीत किंवा शेजारच्या गाडीच्या खिडकीकडे तोंड करून असेल तर तो वायू आत येतो. त्याला ना वास, ना रंग. झोपेत माणूस जातो. दादाने अलार्मचं टेस्ट बटण दाबलं, तो कानठळ्या बसेपर्यंत ओरडला. मग गाडीभोवती फिरून पाइपची बाजू मोकळी आहे ना, तेही पाहिलं.

रात्री नियमाप्रमाणे जनरेटर बंद. बाहेर खुर्च्या टाकून बसलो होतो. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गाडी घेतल्यापासून मी ते आतलं बटण एकदाही दाबून बघितलं नव्हतं. मी कायम बाहेरूनच लावायचो."

मला एकदम पुण्यातले आईबाबा आठवले. त्यांना मीच स्मार्टफोन घेऊन दिलाय. बँकेचं ऍप, टॅक्सीचं ऍप, इमर्जन्सी नंबर, सगळं सेट करून दिलंय. "सिंपल!" असंही म्हटलंय. पण त्यांच्या हातून ते एकदा तरी चालवून बघितलंय का मी? बाबा परवाच म्हणत होते, मलाच जमत नाही बहुतेक. मी हसून विषय बदलला होता.

आपण बटण देतो हो. लाइन कुठे तपासतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि दादा बर्फ आणायला स्टोअरपर्यंत गेलो. परत येताना लांबूनच जनरेटरची घरघर ऐकू आली. दादा थबकला. आत गेलो तर गारेगार. मावशी पाय पसरून पेपर वाचत होती. तिने चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"दार लावा आधी. एसी चालू आहे!"