जंतू मारायचा, की त्याचं बटण बंद करायचं?

पावसाळा आला की पेपरात बातमी ठरलेली : गॅस्ट्रोची साथ. हॉस्टेलवरचा उपायही ठरलेला. कुणाचं पोट बिघडलं, की शेजारच्या रूममधून अँटिबायोटिकची स्ट्रिप येते. दोन गोळ्या पोटात, बाकीच्या ड्रॉवरमध्ये! जंतू म्हणजे शत्रू, दिसला की ठोका, असा आपला हिशोब. माझ्या मते हा हिशोब अर्धवट आहे.

कॉलऱ्याचंच उदाहरण घ्या. हा जंतू एरवी खाडीच्या पाण्यात, सूक्ष्म प्राण्यांच्या कवचाला चिकटून निवांत राहतो. तिथे आपल्याला छळणारं विष बनवण्यात तो शक्ती घालवत नाही. पण दूषित पाण्यातून आपल्या लहान आतड्यात पोचला, की चित्र बदलतं. त्याच्या आवरणात टॉक्स-आर आणि टीसीपी-पी नावाची प्रोटीन्स बसलेली असतात. हे त्याचे सेन्सर. ते टॉक्स-टी हा जीन ऑन करतात आणि मग दोन गोष्टी एकदम बनू लागतात : आतड्यात ठाण मांडायला लागणारे तंतू आणि विष. विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार बाहेर टाकतात, त्यांच्यामागून पाणी. गंभीर पेशंटच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं!

खरी गंमत पुढेच आहे. गर्दी वाढली की हे जंतू एकमेकांचे रासायनिक सिग्नल ओळखतात, विषाचं बटण स्वतःच बंद करतात आणि बाहेर पडायच्या तयारीला लागतात. प्रिन्स्टनच्या बॉनी बॅसलर यांच्या गटाने २००२ मध्ये हे दाखवलं. सेन्सर, कंट्रोलर, फीडबॅक... कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपराला आपण हेच तर घोकतो ना?

मग ते बटण आपणच बंद केलं तर? हार्वर्डच्या संशोधकांनी २००५ मध्ये व्हिरस्टॅटिन नावाचा रेणू शोधला. तो जंतूला मारत नाही, फक्त टॉक्स-टीला काम करू देत नाही. उंदरांच्या पिल्लांच्या आतड्यात जंतूला मग नीट बस्तान बसवता आलं नाही. कुणी म्हणेल, जंतू यातूनही वाट काढेल. बरोबर आहे, आणि हे अजून मेडिकलच्या दुकानात मिळणारं औषधही नाही. तरी विचाराची दिशा मला पटते : शत्रूला संपवण्याआधी त्याची सिस्टिम समजून घ्या.

कारण न समजता ठोकलं, की उलटही होतं. ई. कोलाय ओ१५७ या जंतूत विषाचा जीन एका व्हायरसबरोबर दडलेला असतो. डीएनएला धक्का लागला की तो जागा होतो, आणि काही अँटिबायोटिक्स नेमका तोच धक्का देतात. म्हणजे गोळी आपण घ्यायची आणि विषाचं बटण ऑन करायचं!

अँटिबायोटिक वाईट, असं मी म्हणत नाही. गंभीर कॉलऱ्यात सलाइनच्या जोडीला ते लागतं. पण ते डॉक्टरांनी ठरवावं, रूममेटने नव्हे. आपण ओआरएस प्यावं, हात साबणाने धुवावेत, आणि हॉस्टेलची टाकी शेवटची कधी धुतली हे ऑफिसला बिनधास्त विचारावं. ते बटण तरी आपल्याच हातात आहे!