काच, प्लॅस्टिक की कागद? कामावर ठरतं!

पारदर्शक, अर्धपारदर्शक, अपारदर्शक. हा पाठ आपण तीन रकान्यांचा तक्ता भरून संपवतो. काच पहिल्यात, तेलकट कागद दुसऱ्यात, लाकूड तिसऱ्यात. मुलं पैकीच्या पैकी गुण घेतात आणि विषय मिटतो. मला हे अपुरं वाटतं. हे गुणधर्म कामाला कुठे येतात, ते राहूनच जातं.

बायोसेन्सर चिपचं उदाहरण घ्या. रक्ताच्या किंवा लाळेच्या थेंबात एखादा ठरावीक रेणू आहे का, हे प्रकाशाच्या मदतीने ओळखणारा हा छोटासा तुकडा. त्याचा पाया कशाचा करायचा, यावर शास्त्रज्ञ बराच खल करतात.

एका प्रकारात काचेवर साधारण 50 नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर असतो. थेंब वरून, प्रकाश खालून. म्हणून खाली काच लागते. मग मोबाइलच्या चिपमधलं सिलिकॉन का नको? कारण आपल्याला दिसणारा प्रकाश त्यातून जात नाही. पण साधारण 1100 नॅनोमीटरच्या पुढचा अवरक्त प्रकाश आरपार जातो! आता सांगा, सिलिकॉन आपल्या तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहायचं?

प्लॅस्टिक स्वस्त, साच्यातून झटपट निघतं. पण काही प्लॅस्टिकं प्रकाश पडला की स्वतःच मंद चमकतात. रेणूला लावलेल्या रंगाची बारीकशी चमक टिपायची असेल तर पंचाईतच. वर्गात गलका असताना मागच्या बाकावरचं हळू आवाजातलं उत्तर ऐकू येतं का, तसं.

आणि कोविडची घरी करायची चाचणी आठवा. तिच्यातली कागदासारखी पट्टी नायट्रोसेल्युलोजची. तिच्या बारीक छिद्रांतून थेंब आपोआप पुढे सरकतो, पंप लागत नाही. ती पांढरी, अपारदर्शक आहे म्हणूनच लाल रेघ उठून दिसते. इथे पारदर्शकपणा हवाच कुणाला?

प्राथमिकच्या मुलांना नॅनोमीटर कशाला, असं कुणी म्हणेल. नकोच. पण ‘पारदर्शक पदार्थ कोणता?’ याऐवजी ‘या कामाला काय निवडशील, आणि का?’ असं विचारता येतं. तपासायला वेळ जास्त लागतो, हे खरं. चाळीस वह्यांत चाळीस कारणं! पालकांनी घरी काचेवर, प्लॅस्टिकच्या झाकणावर आणि टिश्यू पेपरवर शाईचा एकेक थेंब टाकून बघावा. कुठला पसरला, कुठला तसाच राहिला, हे मुलांनाच सांगू द्या.