बंदुकीचा दस्ता: रंग की तेल?
पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ साली इंग्रजांविरुद्ध बंड पुकारले. आदल्याच वर्षीच्या शस्त्रकायद्याने विनापरवाना बंदूक बाळगणे भारतीयांसाठी गुन्हा ठरवले होते. त्या काळातील ज्या बंदुका आज उरल्या आहेत, त्यांचे लाकूडही म्हणूनच दस्तऐवजाच्या मोलाचे आहे.

वापरातल्या अक्रोडी दस्त्याला जवसाचे तेल उत्तम: ते लाकडात मुरते, हवा लागून घट्ट होते आणि लाकडाच्या रेषा खुलवते. रंगाने केवळ छटा बदलते. ऐतिहासिक दस्त्याला मात्र, माझ्या मते, दोन्ही नकोत. रंगापूर्वी घासले की पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी आलेली झिलई जाते. मुरलेले तेल पुन्हा काढता येत नाही आणि काळाबरोबर काळवंडते. कोरड्या, मऊ सुती कापडाने धूळ पुसावी. इतिहासाला नवी चकाकी चढवू नये.