आकाशातली लोकल

परवा कर्जतजवळच्या एका ठाकुरवाडीत ओट्यावर बसलो होतो. दिवस मावळून तास झाला होता. भाचा ट्रायपॉडवर कॅमेरा लावून खटपट करीत होता. एवढ्यात वायव्येकडून ठिपक्यांची रांग वर आली. दिवे लागलेल्या लोकलसारखी, आवाज मात्र काडीचा नाही. पाचेक मिनिटांत ती पृथ्वीच्या सावलीत विरली.

"ह्ये कुणाचं?" घरच्या म्हाताऱ्या बाबांनी विचारले.

ते नुकतेच सोडलेले ‘स्टारलिंक’चे उपग्रह. अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीने मे २०१९ मध्ये ६० उपग्रहांची पहिली मोठी तुकडी सोडली. आज ते हजारोंच्या संख्येत आहेत. आपल्याकडे अंधारले तरी काहीशे किलोमीटर उंचीवर ऊन असते, त्यात ते चमकतात. सुरुवातीचे काही दिवस ओळीने जातात, मग वर चढत पांगतात. शटर दहा-पंधरा सेकंद उघडे ठेवले की फोटोत त्यांच्या रेघा उमटतात. भाच्याला तीच रेघ हवी होती. तारे टिपणाऱ्यांना ती नकोशी वाटते. मुंबईच्या ‘खगोल मंडळा’ने शेजारच्या वांगणीला रात्री जागवल्या, त्या या पट्ट्यातल्या अंधारासाठीच.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे देणे-घेणे मांडल्याशिवाय मला राहवत नाही. वाडीने आपला अंधार दिला. तिच्या खात्यावर जमा काय? नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव अशा जिल्ह्यांत उपग्रहाद्वारे इंटरनेट न्यायचे, हा हेतू. तो चांगलाच आहे. परंतु शेजारच्या खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा वर जायला गाडीरस्ताच नव्हता. यंत्रे पोचेनात, माणसांनी हातांनी माती उपसली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. उपग्रहामुळे हाक क्षणात पोचेल. हाकेला धावणारी गाडी जमिनीवरूनच यायची. म्हणून दरडीच्या छायेतल्या वाड्यांची नावे अशा योजनेत आधी हवीत, आणि त्याच अंदाजपत्रकात त्यांचा रस्ताही हवा.

"कंपनीचं आहे, बाबा," मी म्हटले.

ते काही बोलले नाहीत. निघताना बॅटरी घेऊन आम्हांला पायवाटेने खाली, डांबरी रस्त्यापर्यंत सोडायला आले.